लकव्यानंतरचा व्यायाम हातापायासाठी नाही, मेंदूसाठी

श्रोतेहो, नमस्कार.

घरात कुणाला लकवा मारला की दवाखान्यातून घरी आल्यावर पहिली शोधाशोध होते ती मालिश करणाऱ्याची. गरम तेल आणि तासभर चोळणं. यात व्यायाम होतो खरा, पण मालिश करणाऱ्याचा! रोग्याचा हात मुळात शाबूत असतो. त्याला हुकूम सोडणारा मेंदूचा भाग रक्ताअभावी किंवा रक्तस्रावाने मेलेला असतो. त्या पेशी परत येत नाहीत. आजूबाजूच्या पेशी मात्र नवे जोड बांधून ते काम थोडंफार उचलतात. पुरात रस्ता वाहून गेला की शेतातून बैलगाड्यांची नवी चाकोरी पडते ना, तसंच. एकदा गाडी गेल्याने चाकोरी पडत नाही. रोग्याने स्वतः जोर लावून तीच हालचाल शेकडो वेळा करायला हवी. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत मेंदू सर्वांत लवकर शिकतो. पुढेही शिकतो, पण सावकाश.

मग पहिल्याच दिवशी उठवून चालवायचं का? नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पाच देशांतले २,१०४ रुग्ण होते. त्यात २४ तासांच्या आत वारंवार उठवलेल्यांची तीन महिन्यांनंतरची स्थिती इतरांपेक्षा उणीच निघाली. पहिला दिवस डॉक्टरांच्या हाती सोडा.

घरी सर्वांत कामाचा व्यायाम म्हणजे बसून उठणं. बाजेवरून नको, ती झोळते. भिंतीला टेकवलेली पक्की खुर्ची घ्या. सुरुवातीला बैठक गुडघ्यापेक्षा थोडी उंच हवी. गोधडीची घडी टाकली की झालं. टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायच्या, पुढे वाकायचं, नाक पायाच्या बोटांवर आलं की उठायचं. चांगला पाय चार बोटं पुढे ठेवा, म्हणजे भार लकव्याच्या पायावर येतो. नाहीतर चांगला पायच सगळं काम करून टाकतो. दहा वेळा उठणं, मग दम घेणं, असे दिवसात तीन फेरे. जमू लागलं की पाच फेरे करा आणि गोधडी काढा. मदतनिसाने लकव्याच्या बाजूला उभं राहून कमरेला बांधलेला दुपट्टा धरावा. हात धरून ओढू नये. लुळ्या हाताचा खांदा आधीच सैल असतो, ओढला की खोबणीतून उतरतो. मग महिनोन्महिने दुखतो आणि त्या दुखण्यापायी व्यायामच बंद पडतो. छताला कप्पी टांगून तो हात वर ओढतात, त्यानेही खांदा बिघडतो.

हाताला रबरी चेंडू दाबायला देण्याची आपल्याकडे फार हौस. मूठ तर बहुधा आपोआपच आवळते, अडतं ते बोटं उघडण्यापाशी. म्हणून सोडण्याची कामं द्या. रिकामा गडवा धरून वीतभर पलीकडे ठेवणं आणि मूठ सोडणं. तुरीच्या शेंगा सोलणं. बोंडातून कापूस वेचणं तर उत्तमच, कारण त्यात चिमूट लागते, उघडावी लागते आणि काम डोळ्याला दिसतं. फक्त बधिर बोटाला वाळल्या बोंडाची टोकं टोचलेली कळत नाहीत, रोज बोटं तपासा. गरम तेलाचंही तेच, भाजतं आणि पत्ता लागत नाही. चांगला हात मध्ये आला की मेंदू लकव्याचा हात विसरायलाच शिकतो. बोटं थोडी उघडत असतील तर दिवसातून काही वेळ चांगला हात मांडीखाली ठेवा. उभं राहताना, चालताना मात्र तो मोकळाच हवा.

चालणं पाच मिनिटांपासून सुरू करून वीस मिनिटांवर न्या, आठवड्यातून तीन ते पाच दिवस. चालता चालता बोलता यावं, इतपतच दम लागू द्या. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हा सकाळी सहालाच उरका. चप्पल घसरती नको, ओल्या सारवणावर पाय नको. जोर लावताना श्वास रोखू नका.

फिजिओथेरपिस्टला महिन्यातून एकदा तरी दाखवा. भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांच्या घरच्यांना व्यायाम शिकवून पाहिला होता. २०१७ साली निकाल आला तेव्हा नेहमीच्या उपचारापेक्षा वेगळा फायदा दिसला नाही. व्यायाम कधी वाढवायचा, कधी बदलायचा, हे ठरवायला जाणता माणूस लागतो.

आणि बीपीची गोळी. ‘आता व्यायाम करतो’ म्हणून ती सोडणारे बरेच आहेत. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांतले मृत्यू तपासले, तेव्हा सातातला एक लकव्याचा निघाला. बीपी १८०/११०च्या वर दिसला तर त्या दिवशी व्यायाम नाही, आधी दवाखाना. व्यायाम करताना तोंड वाकडं झालं, बोली अडखळली, हात अचानक आणखी गळाला, तर पाणी पाजत, चोळत बसू नका. वेळ लिहून ठेवा आणि १०८ला फोन लावा. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि ते देण्याआधी सीटी स्कॅन लागतो. म्हणून सीटी स्कॅनची सोय असलेला जवळचा दवाखाना कोणता, ते आजच विचारून ठेवा.