लॅक्स्टनचा बांध

(गावच्या वाचनालयाच्या वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचं शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘इंग्लंडमधील एका खेड्याचा इतिहास व तेथील प्रेक्षणीय स्थळे’. विषय मीच दिला होता, तेव्हा तक्रार करायला जागा नाही. प्रेक्षणीय स्थळं मोजून तीन. एक किल्ला, जो आता मातीचा उंचवटा आहे. एक चर्च. आणि एक गुत्ता. गुत्त्याबद्दल शेवटी सांगेन, म्हणजे मागच्या रांगा रिकाम्या होणार नाहीत.

मुलगी नॉटिंगहॅमला असते. तिच्याकडे गेलो तेव्हा आजूबाजूला रॉबिन हूडचे पुतळे बघून दोन दिवसांत कंटाळलो. मी म्हटलं, मला शेत दाखव. ती म्हणाली, बाबा, नोव्हेंबरात चिखलाशिवाय काय दिसणार? मी म्हटलं, चिखलातच तर तेहतीस वर्षं काढली. तुमच्यातल्या पुष्कळांच्या जमिनी मी मोजल्यात. काही जण अजून बोलत नाहीत माझ्याशी. असो. तासाभरात आम्ही लॅक्स्टनला पोचलो. पत्रिकेवरचं खेडं ते हेच.

लॅक्स्टन ही एक पॅरिश. आता पॅरिश म्हणजे काय, ते आधी. एका चर्चच्या पदराखालचा मुलूख, एवढंच मुळात. १८९४च्या कायद्यानं त्यातून आपल्या ग्रामपंचायतीसारखी निवडून दिलेली पॅरिश कौन्सिलं निघाली. लॅक्स्टनच्या पॅरिशमध्ये शेजारची मूरहाउस ही वाडीही येते. पण गावात शिरल्यावर माझ्या डोळ्यांत भरलं ते वेगळंच. इंग्लंडात साधारणपणे शेतकरी आपापल्या शेतात, कुंपणाच्या आत, एकटा राहतो. लॅक्स्टनला मात्र सगळी शेतघरं गावठाणात, रस्त्याच्या कडेला एकाशेजारी एक, लाल विटांची, बरीचशी रस्त्याला आडवी. आणि शिवार बाहेर. मुलीला म्हटलं, अगं, हे तर आपलंच गाव. फक्त कुत्री कमी.

शिवाराचे तीन मोठे तुकडे. वेस्ट फील्ड, मिल फील्ड, साउथ फील्ड. एकात गहू, दुसऱ्यात वसंतातला पेरा, तिसरं पड. पुढच्या वर्षी आळीपाळी. पडीच्या जागी आता चारा घेतात, पण चक्र तेच. आणि या एकेका शिवारात सगळ्यांच्या पट्ट्या. याची एक पट्टी, त्याची एक, मग परत याची. मध्ये कुंपण नाही, तार नाही. असा कारभार एके काळी इंग्लंडच्या मधल्या पट्ट्यात गावोगाव होता. मग जमीनदारांनी पार्लमेंटात कायदे करून करून कुंपणं घातली. १६०४ ते १९१४ या काळात पाच हजारांवर असे कायदे झाले आणि अडुसष्ट लाख एकरांच्या आसपास जमीन कुंपणात गेली. जुनी पद्धत टिकली ती अगदी बोटांवर मोजण्याइतक्या ठिकाणी, आणि जूरी-कचेरीसकट, ती काय ते पुढं येईलच, टिकली ती लॅक्स्टनला.

का टिकली? परंपरेचं प्रेम वगैरे नव्हे. गावात मोठे जमीनदार दोन, आणि दोघांचं जमीन वाटून घेण्यावर एकमत होईना. भांडणानं गाव बुडाल्याची उदाहरणं आपल्याकडे रग्गड आहेत. भांडणानं शिवार वाचल्याचं हे एकच मला ठाऊक आहे.

आता नकाशा. इथं मला थोडा वेळ द्या, अध्यक्ष. १६३५ साली या जहागिरीचा मालक होता सर विल्यम कोर्टेन, लंडनचा गब्बर व्यापारी. त्यानं मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराकडून सगळा शिवार मोजून घेतला. तो नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यावर एकूणएक पट्टी काढलेली आहे, अशा दोन हजारांवर पट्ट्या. मधूनमधून नांगर चाललाय, कापणी चाललीय, शिकारी हरणामागं पळतायत, हेही रंगवलंय. आमच्या खात्यात नकाशावर हरीण काढलं असतं तर मेमो मिळाला असता. नकाशाच्या जोडीला एक वही, कोणत्या पट्टीचा धनी कोण आणि क्षेत्र किती. म्हणजे नकाशा आणि उतारा, दोन्ही. क्षेत्र लिहिलंय एकर, रूड आणि पर्चमध्ये. रूड म्हणजे पाव एकर. पर्च म्हणजे साडेसोळा फूट बाय साडेसोळा फूट. आपला गुंठा तेहतीस बाय तेहतीस. करा गुणाकार. बरोबर चार पर्चचा एक गुंठा! आमची जुनी सोळा आण्यांची साखळी तेहतीस फुटी होती, ती काय आभाळातून पडली नव्हती. १८३५ साली गोल्डस्मिड साहेबानं इंदापूरला नव्यानं मोजणी सुरू केली, पुढं विंगेट त्याला येऊन मिळाला, आणि आपला शिवार एकर-गुंठ्यांत बसला. लॅक्स्टनच्या नकाशानंतर बरोबर दोनशे वर्षांनी.

फर्लांग तर तुम्हाला माहीतच आहे, आजोबा लोक अंतर फर्लांगात सांगायचे. तो शब्दही शेतातलाच. फर्लांग म्हणजे नांगराचं एक लांब तास. एक फर्लांग लांब आणि सहासष्ट फूट रुंद जमीन म्हणजे एकर. बैलांची लांबलचक जोत वळवायला जागा लागायची, म्हणून जुन्या पट्ट्या सरळ नसतात, टोकांशी किंचित वळतात, ओढणी टाकल्यासारख्या. असली वळणदार हद्द साखळीनं मोजताना काय हाल होतात ते मला विचारा.

या कोर्टेनचं अजून एक. ज्या १६३५ साली हा नकाशा झाला, त्याच डिसेंबरात पहिल्या चार्ल्स राजानं कोर्टेनच्या मंडळींना हिंदुस्थानच्या व्यापाराची सनद दिली. ईस्ट इंडिया कंपनी हयात असताना, तिच्या नाकावर टिच्चून! त्यांची गलबतं १६३६च्या ऑक्टोबरात गोव्याला लागली, पुढं कारवारला त्यांनी वखार घातली. म्हणजे लॅक्स्टनच्या कुळांचा खंड घेणारा माणूस कोकण किनाऱ्यावरच्या मिरीवर डोळा ठेवून होता. तो १६३६ सालीच मेला, मुलगा कर्जात बुडाला, आणि लॅक्स्टन पियरपाँट घराण्याकडे गेलं.

हे सगळं ठीक. पण मी आज उभा राहिलोय ते बांधाबद्दल बोलायला.

माझ्या वडिलांची पट्टी आणि चुलत्यांची पट्टी लागून. मधला बांध अकरा साखळ्या लांब. माझ्या लहानपणी त्या बांधावरून बैल घेऊन जाता यायचं. दोन बोरी होत्या, घायपात होतं, दुपारी भाकरी खायला बसायला जागा होती. आता त्यावरून शेळी चालली तर तिरकी चालते. कसं झालं? कोणी काही केलं नाही. दर साली नांगरटीला एक तास बांधाकडे सरकलं, एवढंच. ड्रायव्हर नवा होता. ट्रॅक्टर जुना होता. एका वर्षी तर सूर्य डोळ्यांवर होता. एक तास म्हणजे नऊ इंच. बारा वर्षांत नऊ फूट. अकरा साखळ्या गुणिले नऊ फूट, बरोबर तीन गुंठे. गणित इतकं स्वच्छ आलं की माणसाला राग यायच्या ऐवजी कौतुक वाटावं.

तुम्ही म्हणाल, तुम्ही तर मोजणीवाले, तुम्हाला काय अवघड? अहो, मी मोजलं ना! रीतसर फी भरून, दुसऱ्या मोजणीदाराकडून मोजून घेतलं, कारण मीच मोजलं असतं तर कोणी मानलं नसतं. दगड रोवले. चुना टाकला. पंचनाम्यावर चुलतभावानं सही केली, आम्ही त्याच्याच ओट्यावर चहा घेतला. पुढच्या पावसाळ्यात दगड होते तसेच होते. फक्त वीतभर सरकून होते. दगडाला पाय फुटले. बोरींचं तर विचारूच नका, एक वाळली, एक ‘पडली’. चुलतभाऊ आज इथं तिसऱ्या रांगेत आहे. नाव घेत नाही. हसतोय बघा.

तर नोव्हेंबरच्या शेवटी मी लॅक्स्टनच्या गव्हाच्या शिवारात उभा होतो. गहू करंगळीएवढा वर आलेला, ओल्या मातीवर हिरवी रेघ. बारीक पाऊस. आणि पट्टीच्या कडेनं, गवतापाशी, लाकडाच्या नव्या खुंट्या. ताज्या तासलेल्या, टोकावर हातोड्याचे घाव पांढरे दिसत होते. एक खुंटी तर थेट गव्हात! म्हणजे खुंटीच्या पलीकडे पेरलेला हातभर गहू हा गुन्हा. मी खाली बसून टेप लावली. मुलगी म्हणाली, बाबा, लोक बघतायत.

झालं होतं असं. दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस गावातले शेतकरीच जूरी म्हणून शिवार फिरतात. ज्या शिवारात त्या साली गहू पेरलाय, ते शिवार. म्हणजे प्रत्येक शिवाराची पाळी तीन वर्षांत एकदा येतेच. पट्टी अन् पट्टी पायाखाली घालतात. कोणी रस्त्यात नांगर घातला, कोणी गवताच्या पट्टीत घातला, तिथं म्होरक्या खुंटी ठोकतो. ही गवताची पट्टी म्हणजे ‘साइक’. ओलीची, नांगराला गैरसोयीची जागा, सगळ्यांच्या सामाईक मालकीसारखी राखलेली. तिच्यावरच्या गवताचा दर उन्हाळ्यात लिलाव होतो. मग दुपारी जूरी जेवायला गुत्त्यात. आठवड्याभरानं त्याच गुत्त्यात कचेरी भरते, तिला कोर्ट लीट म्हणतात. जहागिरीचा कारभारी अध्यक्षस्थानी, जूरीनं कागद वाचायचा, दंड लावायचा, आणि पुढच्या सालची जूरी तिथंच शपथ घेते. दंड म्हणजे थोडेसे पौंड. हजर न राहणाऱ्यालाही दंड, तो तर पेनीत.

याला पोरखेळ म्हणाल तर चुकाल. १९७७ साली कायदा करून इंग्लंडातल्या असल्या जुन्या कोर्टांचे अधिकार काढून घेतले. लॅक्स्टनचे तेवढे ठेवले, कारण इथं ते कोर्ट खरोखरीच शेती चालवत होतं.

मी तेहतीस वर्षं नकाशावर विश्वास ठेवला. नकाशा खरा असतो हो. पिअर्सचा नकाशा चारशे वर्षांनी अजून खरा आहे. पण तो ऑक्सफर्डच्या कपाटात आहे आणि नांगर लॅक्स्टनच्या चिखलात. हद्द राखली ती जूरीतल्या बारा जणांच्या बुटांनी, दर साली, जेवायच्या आधी. आणि हे बारा जण कोण? त्याच शिवारात पट्ट्या असलेले. ज्याच्या हातात हातोडा, त्याच्याही गव्हात खुंटी येऊ शकते. आपण मोजणी बोलावतो ती भांडण झाल्यावर, वीस वर्षांतून एकदा, आणि तीही बाहेरचा माणूस आणून. तो निघून गेला की दगड चालायला मोकळे. १९४७च्या तुकडेबंदीच्या कायद्यानं पट्ट्या जोडायचं ठरवलं, एकत्रीकरण झालं, गट पडले. पण वर्षातून एकदा सगळ्या शिवाराला गावानं मिळून चक्कर मारावी असं कुठल्या कलमात नाही. तिथंही पट्ट्या जोडल्या बरं का, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. पट्ट्या मोठ्या झाल्या, कमी झाल्या. चक्कर नाही सोडली.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं म्हणतात. आणि इतिहास तर सगळा राहिलाय.

पळत सांगतो. १०८६च्या डूम्सडे दप्तरात, म्हणजे इंग्लंडच्या जुन्या जमीन-पाहणीत, गाव आहे, जहागीरदार जेफ्री अल्सलिन, त्याच्या आधी टोकी नावाचा माणूस. गावाच्या उत्तरेला किल्ला, नॉर्मन लोकांनी मातीचा ढीग घालून वर लाकडाचा बुरूज बांधला तो. जिल्ह्यातला या जातीचा सगळ्यात चांगला राहिलेला. दगड एकही दिसणार नाही, गवत आणि मेंढ्या दिसतील, पण वर चढलात की सगळा शिवार दिसतो. शेरवुडच्या राजेशाही जंगलाची राखण या किल्ल्यातल्या घराण्याकडे होती, आधी डी कॉ आणि मग एव्हरिंगहॅम. म्हणजे रॉबिन हूडच्या गोष्टीत हे लोक सरकारी बाजूचे.

चर्च सेंट मायकेलचं. १८६०च्या सुमारास पियरपाँट घराण्यातल्याच अर्ल मॅन्व्हर्सनं दुरुस्त केलं आणि दुरुस्त करताना आखूडही केलं. आत एव्हरिंगहॅम घराण्यातले लोक दगडात झोपलेत. त्यांच्यात एक बाई मात्र लाकडाची आहे. ओकचं खोड कोरून केलेली, हात जोडलेली. नॉटिंगहॅमशरमध्ये मध्ययुगातली अशी लाकडी मूर्ती ही एवढीच. नवरा दगडाचा आणि बाई लाकडाची का, हे विचारायला तिथं कोणी नव्हतं. लाकडाच्या रेषा तिच्या पदरावरून खाली गेलेल्या दिसतात, तेवढं बघायला तरी जा.

कोंडवाडा आहे, आपला असतो तसाच, भटकी जनावरं कोंडायचा. राखणदाराला पिंडर म्हणत. जहागीर १९५२ साली अर्ल मॅन्व्हर्सनं शेती मंत्रालयाला विकली, १९८१ साली ती राजघराण्याच्या मिळकतीकडे, म्हणजे क्राउन इस्टेटकडे गेली. त्यांनी पुढे विकायला काढली तेव्हा गावात धाकधूक होती, आता कचेरीचं काय होणार. २०२० साली थोर्सबी इस्टेटनं घेतली, म्हणजे पियरपाँटांच्याच वारसांनी. फिरून तिथंच. गुत्त्याचं नाव ‘डोव्हकोट इन’. मी चहा मागितला.

घंटा वाजली. संपलं. एकच प्रश्न घेतो. तिसऱ्या रांगेतून हात वर आलाय, आलाच पाहिजे.

“आण्णा, त्यो दंड किती म्हनलात?”

थोडेसे पौंड. हजार रुपयांच्या आसपास धर.

“वर्साला एकदाच?”

एकदाच.

“मग परवडतंय की.”