खेळायचं तर आधी जमीन

श्रोतेहो, नमस्कार.

अपंग मुलांनाही सगळ्यांबरोबर खेळता यावं, म्हणून बागेतल्या खेळण्यांकडे आज जरा खालून बघू या, अगदी जमिनीपासून. पडलं तर लागू नये म्हणून आपण झोपाळ्याखाली वाळू टाकतो. त्याच वाळूत व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं रुततात आणि मूल काठावरच अडकतं. रबराची सलग जमीन महाग पडते, मान्य. पण ती पडणाऱ्याला सांभाळते आणि चाकालाही अडवत नाही. पैसे अपुरे असतील तर मी एक खेळणं कमी घेईन, पण जमीन आधी करीन.

मग चढ. 1 फूट वर जायला निदान 12 फूट लांबीचा रॅम्प हवा, म्हणजे बरीच जागा जाते. एवढं करून वर काय, तर नुसता कठडा! घसरगुंडी असली, तरी खुर्चीतून तिच्यावर सरकायचं कसं? त्यासाठी तोंडाशी खुर्चीच्या बैठकीइतका उंच ओटा लागतो. आणि मूल घसरून खाली आलं, की खुर्ची राहते वर. ती कोणी खाली आणेपर्यंत टेकायला खालीही एक ओटा हवा. कागदावर हे सुचत नाही.

प्लॅस्टिकच्या घसरगुंडीवर स्थिर वीज तयार होते. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू यावं म्हणून शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं यंत्र, या विजेमुळे बिघडू शकतं. लोखंडी करावी तर उन्हात चटके! म्हणून वर सावली.

व्हीलचेअरसकट बसायचा झोपाळा जड असतो, म्हणून त्याला बहुधा कुंपण घालतात. आत एकटं मूल झुलतं, बाकीची बाहेरून बघतात. मला हे पटत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 2006च्या अपंग हक्क करारात, कलम 30मध्ये, इतर मुलांच्या बरोबरीने खेळण्याचा उल्लेख आहे. त्यापेक्षा मोठ्या टोपलीसारखा झोपाळा बरा: एक आडवं पडतं, दोघं शेजारी बसतात. जमिनीच्या पातळीत बसवलेली चक्री तर त्याहून छान. चाकं सरळ आत जातात, आणि गरगरल्यावर सगळ्यांना सारखंच भोवंडतं.

गोंगाट ज्याला सोसत नाही, त्याच्यासाठी कडेला एक अर्धवट झाकलेला कोनाडा ठेवा. खिडकी मात्र चक्रीच्या बाजूला हवी. आत बसून तो सगळं बघतो, आणि मनात आलं की आपणच बाहेर येतो.