शेवटच्या तारेचा मालक

[दृश्य: अमेरिकेतल्या एका वस्तीतला लाकडी खांब. कॅमेरा वरून खाली सरकतो.]

हा खांब वरून खाली वाचायचा. सगळ्यात वर विजेच्या तारा. त्यांच्याखाली मोकळी जागा, दुरुस्तीला चढलेल्या माणसाला विजेचा धक्का बसू नये म्हणून राखलेली. त्याखाली केबल टीव्हीची तार आणि सगळ्यात खाली टेलिफोनची. अमेरिकेत घरोघरी ब्रॉडबँड आलं ते मुख्यतः या खालच्या दोन तारांमधून.

दोन तारा, दोन मालक. तिसरा का नाही?

समजा, शंभर घरांच्या वस्तीत नवी तार न्यायची आहे. खणकाम, खांबांचं भाडं, मजुरी हा सगळा खर्च शंभर घरांचा. आधीचे दोघं तिथे ठाण मांडून बसलेले, त्यामुळे गिऱ्हाईक मिळणार फार तर तीस घरांचं. शिवाय जुन्या मालकाच्या तारेचे पैसे केव्हाच वसूल झालेले. नवा आला की तो दर खाली आणतो आणि वाट बघतो. म्हणून नव्या कंपनीपुढे खरा व्यवहार्य मार्ग एकच उरतो: जुन्याची तार भाड्यानं घेणं. मालकानं ती द्यायलाच हवी, अशी सक्ती सरकारनं करायची की नाही? सगळं घोडं इथंच पेंड खातं.

[दृश्य: जुना मोडेम, लुकलुकणारे दिवे. डायल-अपचा आवाज.]

हा आवाज ओळखीचा असेल. घरात कुणी फोन उचलला की कनेक्शन तुटायचं, एक फोटो उघडायला मिनिट लागायचं. पण त्या रडक्या वेगाच्या काळात अमेरिकेत इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्या हजारोंनी होत्या. टेलिफोन कंपनी ‘कॉमन कॅरिअर’ होती. गिऱ्हाइकानं कुणाला फोन लावावा, हे ठरवायचा तिला अधिकार नव्हता, आणि मोडेमनं लावलेला फोन हाही फोनच.

त्याआधी, १ जानेवारी १९८४ला, सरकारनं भरलेल्या खटल्यातून एटी अँड टी ही महाकाय कंपनी फुटली होती. लांब पल्ल्याचे कॉल एकीकडे, सात प्रादेशिक कंपन्या दुसरीकडे. लांब पल्ल्याच्या धंद्यात चुरस आली. घरापर्यंतची तार मात्र त्या सातांच्याच हातात राहिली.

तिला हात घातला १९९६च्या दूरसंचार कायद्यानं. ८ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी सही केली. सौदा सरळ होता. प्रादेशिक कंपन्यांनी आपल्या तारा प्रतिस्पर्ध्यांना भाड्यानं द्यायच्या, बदल्यात त्यांना लांब पल्ल्याच्या धंद्यात शिरता येणार. कोव्हॅड, नॉर्थपॉइंट, ऱ्हिदम्स अशा कंपन्या भाड्याच्या तारांवर डीएसएल, म्हणजे टेलिफोनच्या तारेतून येणारं वेगवान इंटरनेट, द्यायला उभ्या राहिल्या. २००१ साल संपायच्या आत तिघींनीही दिवाळखोरीसाठी अर्ज केलेला होता. शेअर बाजाराचा फुगा फुटला हे खरंच. पण ज्याच्याशी स्पर्धा करायची, त्याच्याच टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जाऊन जागा आणि जोडणी मागायची, हा धंदा मुळातच अवघड होता.

मोठ्या कंपन्यांचं म्हणणंही ऐकायला हवं. फायबर टाकायला अब्जावधी डॉलर आम्ही ओतायचे आणि आयत्या बिळावर दुसऱ्या नागोबानं बसायचं? मग बीळ खणेल कोण? हा मुद्दा पोकळ नव्हता. नव्या फायबरवरची भाड्याची सक्ती सैल झाल्यावर व्हेरायझन या बड्या टेलिफोन कंपनीनं खरोखरच घरापर्यंत फायबर न्यायला सुरुवात केली. २०१०च्या सुमारास नव्या शहरांत जाणं तिनं थांबवलं, हेही तितकंच खरं.

[दृश्य: वॉशिंग्टन, सर्वोच्च न्यायालयाच्या पायऱ्या.]

आता केबलच्या तारेकडे येऊ. तिचा निकाल लागला तो एका व्याख्येवर.

अमेरिकी कायद्यात दोन खाती आहेत. ‘दूरसंचार सेवा’ म्हणजे नुसती वाहतूक. तिला कॉमन कॅरिअरची बंधनं लागतात. ‘माहिती सेवा’ म्हणजे माहिती साठवणं, शोधणं, तिच्यावर प्रक्रिया करणं; ती जवळजवळ मोकळी. दूरसंचाराचं नियमन करणाऱ्या एफसीसीनं २००२मध्ये ठरवलं की केबलमधून येणारं इंटरनेट ही ‘माहिती सेवा’ आहे. कंपनी तुम्हाला ईमेल देते, वेबपान देते. ते तारेतून येतं, पण तार वेगळी विकलेलीच नाही; म्हणून ती दुसऱ्याला द्यायची सक्तीही नाही.

याविरुद्ध कॅलिफोर्नियातली ब्रँड एक्स नावाची छोटी इंटरनेट कंपनी भांडली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि २७ जून २००५ला सहा विरुद्ध तीन अशा मतांनी एफसीसीची बाजू ग्राह्य धरली गेली. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी बहुमताचा निकाल लिहिला. कायद्यातला शब्द संदिग्ध आहे, एफसीसीनं लावलेला अर्थ अवाजवी नाही, मग न्यायालयानं त्यात पडू नये.

विरोधी मत होतं अँटोनिन स्कॅलिया यांचं. बाजारावर विश्वास ठेवणारे हे न्यायमूर्ती इथं मात्र छोट्या कंपनीच्या बाजूनं उभे राहिले, तेही पिझ्झाचा दाखला घेऊन. त्यांच्या मुद्द्याचा आशय असा: तुम्ही दुकानात फोन करून विचारता, घरपोच देता का? दुकानदार म्हणतो, ‘छे, घरपोच सेवा आम्ही देत नाही. पण तुम्ही पिझ्झा मागवलात तर आम्ही तो भाजतो आणि तुमच्या घरी आणून देतो.’ याला कुणी सरळ उत्तर म्हणेल का?

तर्क चोख होता, पण मतं तीनच होती. दीड महिनाही झाला नव्हता, तोवर ऑगस्टमध्ये एफसीसीनं टेलिफोनच्या तारेवरचं डीएसएलही ‘माहिती सेवे’च्या खात्यात टाकलं. खांबावरच्या दोन्ही तारांची दारं छोट्या इंटरनेट कंपन्यांना जवळजवळ बंद झाली.

पुढच्या वीस वर्षांत गाजला तो ‘नेट न्यूट्रॅलिटी’चा, म्हणजे तारेतून येणाऱ्या सगळ्या वेबसाइटना सारखंच वागवण्याचा, वाद. २०१५मध्ये इंटरनेट पुन्हा ‘दूरसंचार सेवा’ ठरलं, २०१७मध्ये परत ‘माहिती सेवा’, २०२४मध्ये पुन्हा ‘दूरसंचार’. २ जानेवारी २०२५ला सहाव्या सर्किटच्या, म्हणजे विभागाच्या, अपील न्यायालयानं ते शेवटचं पाऊलही रद्द केलं. आणि गंमत बघा, २०१५मध्ये जड बंधनं लावली असा गवगवा झाला, तेव्हाही एफसीसीनं तारा भाड्यानं देण्याची सक्ती जाणूनबुजून बाहेरच ठेवली होती. तारेतून जाणाऱ्याशी मालकानं कसं वागावं, यावर रण पेटलं. मालक मोजकेच का, हा प्रश्न बाजूलाच पडला.

दुसऱ्या देशांनी वेगळं करून पाहिलं. ब्रिटनमध्ये २००६ साली बीटी या जुन्या टेलिफोन कंपनीच्या तारा सांभाळणारा ओपनरीच हा विभाग वेगळा काढला गेला. बीटीलाही आणि तिच्या प्रतिस्पर्ध्यांनाही त्यानं सारख्याच अटींवर तार द्यायची. जपानमध्ये सॉफ्टबँकनं २००१ साली एनटीटी या जुन्या टेलिफोन कंपनीच्याच तारा भाड्यानं घेऊन स्वस्त ब्रॉडबँड विकायला काढलं आणि बाजारातले दर कोसळले.

[दृश्य: टेनेसी राज्यातलं चॅटनूगा. विजेच्या मीटरजवळ काम करणारा कर्मचारी.]

अमेरिकेत एक आडवाटही निघाली. चॅटनूगाच्या सार्वजनिक वीज संस्थेनं, ईपीबीनं, विजेचं जाळं सुधारताना फायबर टाकलं आणि २०१०मध्ये आपल्या सगळ्या हद्दीत सेकंदाला एक गिगाबिटचा वेग देऊ केला. शेजारच्या गावांनीही मागणी केली. पण विजेच्या हद्दीबाहेर इंटरनेट विकायला राज्याच्या कायद्याची मनाई होती. एफसीसीनं २०१५मध्ये ही मनाई झुगारायचा प्रयत्न केला; २०१६मध्ये त्याच सहाव्या सर्किटच्या न्यायालयानं सांगितलं, राज्याचा कायदा मोडायचा अधिकार तुम्हाला नाही.

कागदोपत्री मात्र जवळजवळ सगळीकडे इंटरनेट पोचलेलं होतं. कारण नकाशा. जनगणनेच्या एका ब्लॉकमध्ये एका जरी घराला कंपनी सेवा देत असेल, तरी सगळा ब्लॉक ‘सेवा उपलब्ध’ अशा रंगानं भरायचा. गावाकडे एकेक ब्लॉक मैलोन् मैल पसरलेला. कंपन्यांना खोटं बोलायची गरजच नव्हती, रकानाच तसा होता. एकेका घराची नोंद असलेला नकाशा आला थेट नोव्हेंबर २०२२मध्ये. तोवर ४२.४५ अब्ज डॉलरच्या ‘बीड’ (BEAD) या सरकारी ब्रॉडबँड योजनेचा कायदाही होऊन गेला होता. हा पैसा मुख्यतः जिथं धड एकही तार पोचलेली नाही तिथली पहिली तार टाकायला. दुसऱ्या तारेसाठी तो नाही.

[दृश्य: पुन्हा पहिलाच खांब. खाली शिडी लावलेला ट्रक.]

तरीही कुणी हिंमत केलीच, तर त्याला या खांबावर जागा मागावी लागते. त्यासाठी आधीच्या तारा थोड्या वरखाली सरकवाव्या लागतात, आणि जुना नियम असा की ज्याची तार त्यानंच ती सरकवायची. केबल कंपनीचा ट्रक येणार, मग टेलिफोनवाल्यांचा, प्रत्येकजण आपल्या सवडीनं. लुईव्हिल शहरानं २०१६मध्ये ठरवलं की एकाच तंत्रज्ञानं एकाच फेरीत सगळ्या तारा सरकवाव्यात. तोवर तिथली टेलिफोन कंपनी झालेल्या एटी अँड टीनं शहराला कोर्टात खेचलं. २०१७मध्ये निकाल शहराच्या बाजूनं लागला, आणि पुढच्या वर्षी एफसीसीनं साध्या कामांसाठी तसाच नियम केला.

[दृश्य: शिडीवर चढलेला माणूस खालची तार वीतभर वर उचलून बांधतो.]