क्लच प्लेटच्या पाठीमागे

[दृश्य: चिखलाचा चढ. गाडी अर्ध्यावर अडकलेली.]

आवाज ऐका. इंजिन चढत्या सुरात ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाही. क्लचवरचा पाय कधीच उचललाय, गिअर पडलेला आहे, तरी ताकद चाकांपर्यंत पोचत नाही. मग तो वास येतो, क्लच प्लेटवरच्या करपलेल्या लायनिंगचा, म्हणजे घर्षणाच्या थराचा. एकदा नाकात बसला की पुढच्या वेळी लगेच ओळखू येतो. इंजिनची ताकद गिअरबॉक्सला जोडणारा क्लच घसरतोय.

जुन्या डिझेल फोर-बाय-फोरचा क्लच सपाट रस्त्यावर फारसा झिजत नाही. त्याची वाट लागते चढावर रिव्हर्स घेताना, खड्ड्यातून गाडी रेटताना, अर्धा क्लच दाबून धरताना. शेजारीच लो रेंजचा लीव्हर असतो. तो टाकला की चाकं कितीतरी हळू, पण जास्त ताकदीनं फिरतात, गाडी सरपटत वर जाते आणि क्लच पूर्ण सोडता येतो. तरी तो लीव्हर न वापरणारे पुष्कळ दिसतात. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

[दृश्य: गाडी स्टँडवर. खालून बेल हाउसिंग.]

गाडीखाली शिरलो की सगळ्यात आधी मी इथे बघतो. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे क्लचला झाकणारी खोळ म्हणजे बेल हाउसिंग, तिच्या तळाला हे बारीक छिद्र. बोट लावलं, तर काळं, दाट तेल. म्हणजे नुसती प्लेट बदलून भागणार नाही.

हे मी ठामपणे सांगतो, कारण एकदा तसं केलं होतं. क्रँकशाफ्टच्या (इंजिनच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) मागचं, तेल अडवणारं ऑइल सील फडक्यानं पुसलं, कोरडं वाटलं, आणि गिअरबॉक्स परत चढवला. थोड्याच दिवसांत नवी कोरी प्लेट तेलानं माखली आणि सगळं पुन्हा खाली उतरवावं लागलं. या कामात मोल असतं ते तिथवर पोचण्याच्या मेहनतीला. म्हणून एकदा उघडलंच, तर आतलं सगळं बघूनच बंद करायचं.

[दृश्य: सुटे भाग फरशीवर रांगेत.]

बॅटरीची निगेटिव्ह वायर, चाकांकडे ताकद नेणारा पुढचा-मागचा प्रोपेलर शाफ्ट, गिअरचे लीव्हर, पेडलच्या दाबानं क्लच सोडवणारा स्लेव्ह सिलिंडर. शाफ्ट सोडवण्याआधी दोन्ही फ्लँजवर (जोडाच्या चकत्यांवर) खूण करायची, म्हणजे तो होता तसाच बसतो. स्लेव्ह सिलिंडर नळीसकट बाजूला बांधून ठेवायचा, आणि तो सुटा असताना पेडलला कुणी पाय लावायचा नाही. इंजिनखाली लाकडी फळी ठेवून जॅक द्यायचा. तो नसेल तर गिअरबॉक्स निघताच इंजिन मागे कलतं.

गिअरबॉक्स आणि पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी ट्रान्सफर केस एकत्र उतरतात, आणि ते वजन हातांच्या भरवशावर सोडायचं नसतं. जॅक हळूहळू मागे, सरळ रेषेत. गिअरबॉक्समधून पुढे आलेला इनपुट शाफ्ट प्लेटमध्ये अडकलेला असताना गिअरबॉक्सचा भार त्याच्यावर लटकता कामा नये.

आतली काळी भुकटी हवेच्या झोतानं उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानंच पुसा, तोंडाला चांगला मास्क लावून.

[दृश्य: फ्लायव्हील, अगदी जवळून.]

आता हे फ्लायव्हील बघा, क्रँकशाफ्टच्या टोकाचं जड चाक, ज्यावर क्लच प्लेट दाबून बसते. लोखंडावर निळसर डाग, त्यांच्या मधून केसासारख्या भेगा. क्लच घसरत होता तेव्हा इथे केवढी उष्णता झाली, त्याच्या या खुणा. कडेच्या रिंगवर बोट फिरवा. बहुतेक दात शाबूत, आणि समोरासमोरच्या दोन जागी मात्र बोथट. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना कुठल्यातरी सिलिंडरच्या दाबाला अडून थांबतं, म्हणजे फ्लायव्हील साधारण त्याच दोन जागांवर येऊन उभं राहतं. स्टार्टर वर्षानुवर्षं तेच दात चावत आलाय.

डिझेलला फ्लायव्हील जड का लागतं? चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला 750 फेऱ्यांवर धिम्या गतीनं चालू असताना सेकंदाला 25 स्फोट होतात, आणि डिझेलचा प्रत्येक स्फोट दणकट. ते धक्के पोटात घेऊन फिरणं सलग ठेवायचं, हे या चाकाचं काम. पुढे काही गाड्यांत दोन भागांचं, मध्ये स्प्रिंगा असलेलं ड्युअल मास फ्लायव्हील आलं. त्याच्या स्प्रिंगा थकल्या की बरेच जण त्या जागी एकसंध फ्लायव्हील बसवतात. ते टिकतं, यात वाद नाही. पण स्प्रिंगांनी गिळलेले धक्के मग गिअरबॉक्सकडे जातात. ज्या गिअरबॉक्सचे भाग आता मिळेनासे झालेत, त्याच्या वाट्याला मी तरी ते देणार नाही.

[दृश्य: ग्रीस, लोखंडी सळई, हातोडा.]

क्रँकशाफ्टच्या टोकातला हा छोटा पायलट बुश, ज्यात इनपुट शाफ्टचं टोक टेकतं, सहज निघत नाही. त्याच्या पोकळीत ठासून ग्रीस भरायचं, भोकात घट्ट बसेल अशी सळई घालायची आणि हातोडा मारायचा. ग्रीस दबत नाही, त्याला पुढे वाट नसते, म्हणून ते बुशलाच मागून ढकलून बाहेर काढतं. दोन ठोके... तिसरा... आला!

नवं सील, नवा बुश, नवं फ्लायव्हील. बोल्टही नवे, टॉर्क रेंचनं सांगितल्या मापाला आवळलेले. प्लेटची फ्लायव्हीलकडची बाजू कोणती ते तिच्यावर लिहिलेलं असतं, दोनदा वाचा. क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबणाऱ्या प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. स्प्लाइनवर, म्हणजे शाफ्टवरच्या लांबट खाचांवर, ग्रीसचा फक्त हात फिरवायचा. जास्त झालं तर ते उडून लायनिंगवर जातं.

[दृश्य: गिअरबॉक्स परत वर. शेवटचं बोटभर अंतर.]

इथे माणसाचा धीर सुटतो. बोल्ट लावून ओढून घेऊ, असं वाटतं. नाही. गाडी गिअरमध्ये टाका, मागची फ्लँज हातानं किंचित फिरवा, स्प्लाइन जुळू द्या. जुळल्या की गिअरबॉक्स आपसूक आत सरकतो. तो "टक" आवाज ऐकण्यासाठी मी तासभरही थांबेन.

[दृश्य: तोच चढ. मग गाडीखाली कॅमेरा.]

लो रेंज, पहिला गिअर. क्लच पूर्ण सोडलाय आणि गाडी इंजिनच्या संथ ठेक्यात वर चाललीय. वास नाही.

आठवड्यानंतर पुन्हा गाडीखाली. बेल हाउसिंगचं तेच छिद्र. बोट लावलं. कोरडं.