नस दबते तेव्हा मायलिनचं काय होतं?

(दृश्य: अंधारी खोली. पलंगाच्या काठावर बसून एक बाई हात झटकते आहे.)

रात्रीचे तीन. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट मुंग्यांनी भरून गेलंय. हात झटकला की जरा बरं वाटतं. करंगळी मात्र ठणठणीत, कारण तिची नस (रक्तवाहिनी नव्हे, संदेश नेणारी नर्व्ह) वेगळ्या वाटेनं जाते. बाकीच्या बोटांची नस, मीडियन नर्व्ह, मनगटातल्या एका बोगद्यातून येते. खाली हाडं, वर जाड अस्थिबंध (हाडांना जोडणारा चिवट पट्टा), आणि त्याच जागेत बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या. झोपेत मनगट मुडपलं की दाटी आणखी वाढते. या दुखण्याला कार्पल टनल सिंड्रोम म्हणतात.

१९८१ मध्ये गेल्बरमन आणि सहकाऱ्यांनी या बोगद्यातला दाब मोजला. निरोगी मनगटात तो सरासरी पाऱ्याचे २.५ मिलिमीटर भरला, रुग्णांमध्ये ३२. एवढ्या दाबाला नसेतल्या बारीक रक्तवाहिन्यांमधला प्रवाह अडू लागतो. पण मुंग्या येऊन जातात, रक्त पुन्हा वाहू लागतं. टिकून राहणारा बदल वेगळ्याच ठिकाणी होतो.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली सुटा केलेला एकच तंतू.)

नसेतल्या जाड तंतूंवर चरबी आणि प्रथिनांचं आवरण असतं, ते मायलिन. वायरवर प्लास्टिक चढवावं तसं ते असतं, अशी उपमा नेहमी देतात. ती अर्धीच खरी, कारण हे आवरण जिवंत आहे. एक अख्खी पेशी स्वतःच्या पापुद्र्याचे वेढे तंतूभोवती घालत जाते. तिला श्वान पेशी म्हणतात. (कुत्र्याचा इथे काही संबंध नाही. थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचं हे आडनाव.) जाड तंतूवर एक पेशी साधारण मिलिमीटरभर जागा सांभाळते. मग एक बारीकशी उघडी फट, मग पुढची पेशी. संदेश या फटींवरून उड्या मारत जातो, सेकंदाला पन्नास मीटरहून जास्त वेगानं. आवरण नसलेल्या बारीक तंतूंत हाच वेग मीटरभराच्या आसपास असतो.

आता या तंतूवर महिनोन्‌महिने दाब आला तर?

१९७३ मध्ये ओचोआ आणि मारोट यांनी गिनी पिगच्या दबलेल्या नसेतले तंतू एकेक करून सोडवले आणि पाहिले. मायलिनचे तुकडे बेडूकमाशांसारखे दिसत होते, एक टोक फुगलेलं, दुसरं निमुळतं. गंमत म्हणजे दाबाच्या जागेच्या एका बाजूचे सगळे बेडूकमासे एका दिशेला तोंड करून, दुसऱ्या बाजूचे बरोबर उलट. आतले वेढे एकमेकांवरून घसरून एका टोकाला गोळा झाले होते. ज्या टोकाचे वेढे निसटले, तिथला तंतू उघडा पडू लागला होता.

श्वान पेशी यावर गप्प बसत नाहीत. त्या विभागू लागतात. पूर्वी समज होता की आतला तंतू मेला तरच त्या अशा जाग्या होतात. उंदरांच्या नसेभोवती सैलसर नळी बसवून केलेल्या प्रयोगांत मात्र तंतू शाबूत असतानाच पेशींची संख्या वाढलेली दिसली. दाब त्यांना थेट कळतो. मग नवं मायलिन बनतं, पण ते पातळ असतं आणि त्याचे तुकडे आखूड. जिथे एक तुकडा होता तिथे तीन-चार. फटी वाढल्या, थांबे वाढले, संदेश रेंगाळला.

(दृश्य: तपासणीच्या पडद्यावर उमटणारी लाट.)

नसेच्या वेगाच्या तपासणीत नेमकं हेच दिसतं. कोपरापासून मनगटापर्यंत संदेश बहुधा सुसाट, आणि बोगदा ओलांडतानाच उशीर.

दुर्लक्ष झालं तर पाळी आतल्या तंतूवर येते. १९१३ मध्ये पिएर मारी आणि शार्ल फ्वा यांनी ८० वर्षांच्या एका माणसाचं शवविच्छेदन केलं. त्याच्या अंगठ्याच्या बुडाचे स्नायू झिजून गेले होते. अस्थिबंधाच्या अलीकडे नस गाठीसारखी फुगलेली, आणि त्याच्याखाली मायलिनचा पत्ताच नव्हता. अस्थिबंध वेळीच कापला असता तर हे टळलं असतं का, असा प्रश्न त्यांनी तेव्हाच मांडला. आज नेमकी तीच शस्त्रक्रिया होते.

(दृश्य: तीच खोली, काही महिन्यांनंतर. बाई गाढ झोपलेली.)

शस्त्रक्रियेनंतर मुंग्या पुष्कळदा काही दिवसांतच थांबतात. मायलिन मात्र सावकाश, महिने घेत भरतं, आणि आखूड तुकडे पुन्हा लांब होतातच असं नाही. म्हणून हात पूर्ण बरा वाटत असतानाही कित्येकांच्या तपासणीत तो छोटासा उशीर तसाच उमटत राहतो.