काटापट्टीचं फोल्डर

पांढरकवड्याकडची एक कापसाची जिनिंग. फाटकापासून डांबरी रस्त्यापर्यंत बंड्या, ट्रॅक्टर, मेटाडोर. भरलेली गाडी काट्यावर चढते, रिकामी होऊन परत चढते. दोन वजनांतला फरक म्हणजे शेतकऱ्याचं वर्ष. तो काटापट्टीवर छापला जातो, आणि त्याच पट्टीची पीडीएफ ऑफिसच्या सामाईक ड्राइव्हवर जाते.

मागच्या हंगामात एका सकाळी काट्यावरचा पोरगा धावत आला.
"भाऊ, कालच्या पट्ट्या दिसूनच नाई राहिल्या!"

जुनं समजून हिशेब बघणाऱ्या दिवाणजींनी फोल्डर उडवलं होतं. रिसायकल बिन उघडली तर रिकामी. नेटवर्कवरून पुसलेली फाइल आपल्या कॉम्प्युटरच्या बिनमध्ये येतच नाही. शेतकऱ्यांकडच्या कागदी पट्ट्या मागवून नोंदी पुन्हा चढवाव्या लागल्या.

मला यात दिवाणजींचा दोष दिसत नाही. ड्राइव्हवर 'एव्हरीवन'ला 'फुल कंट्रोल' होता, म्हणजे कोणालाही काहीही करता येत होतं. फाटक सताड उघडं होतं.

आता स्क्रीन बघा. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. कुलपं दोन आहेत: एक शेअरिंगमधलं, एक सिक्युरिटीमधलं. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही लागतात, आणि चालतं ते जास्त कडक असेल ते. शेअरिंगमध्ये नुसतं 'रीड' ठेवलं, तर सिक्युरिटीत 'मॉडिफाय' (बदल करायची मुभा) देऊनही फाइल सेव्ह होत नाही. इथे भलेभले अडकतात.

परवानगी माणसाला नाही, कामाला दिली. 'काटा' आणि 'हिशेब' असे दोन गट केले. दर हंगामात काट्यावरचा पोरगा बदलतो. गटातलं नाव बदललं की झालं, फक्त त्याला एकदा लॉग आउट करून परत यावं लागतं. 'मॉडिफाय'मध्ये पुसण्याचा हक्कही येतो, म्हणून काट्याला 'रीड' आणि 'राइट' एवढंच. हिशेबाला फक्त 'रीड'. 'डिनाय'ला, म्हणजे थेट मनाईला, मी हात लावला नाही. एक माणूस दोन गटांत असला, तर एका गटाचा 'डिनाय' दुसऱ्याने दिलेलं काढून घेतो.

दिवाणजी दुखावले.
"३० वर्सं तिजोरीच्या किल्ल्या माह्यापाशी होत्या. आता भरवसा नाई काय?"

मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसलो. म्हटलं, "काका, जे तुमच्या हातून पुसल्याच जाऊ शकत नाही, त्याचा आळ तुमच्यावर येईल कसा?"

ते काही बोलले नाहीत. एक पट्टी निवडून त्यांनी स्वतःच डिलीटचं बटण दाबलं. परवानगी नसल्याचा निरोप स्क्रीनवर आला. चष्मा सरकवून त्यांनी तो दोनदा वाचला.

बाहेर पुढची गाडी काट्यावर चढली होती.