बिनव्याजी घर

मंडळी, सुरुवात इंद्रायणीपासून करतो. तुकोबांच्या घरी पिढीजात महाजनकी होती, हे तुम्हाला ठाऊक आहे. मोठ्या दुष्काळानंतर ते कर्जाची खतं घेऊन नदीवर गेले. धाकटे भाऊ कान्होबा यांनी आपला वाटा मागितला, तो त्यांना दिला आणि स्वतःच्या वाट्याची खतं इंद्रायणीच्या पाण्यात सोडली, अशी परंपरेतली कथा आहे. माझे आजोबा वारकरी. ही गोष्ट सांगताना ते ‘खतं बुडवली’ असं कधी म्हणायचे नाहीत. ‘खतं सोडली’ म्हणायचे, आणि पुढे जोडायचे, ‘म्हणजे माणसं सोडली.’

याच इंद्रायणीच्या खोऱ्यात, देहूच्या बऱ्याच वर, लोणावळ्याजवळ मळवलीच्या परिसरात २००६च्या ऑक्टोबरअखेरीस एक आठवडाभर देशोदेशीची माणसं विटा-सिमेंट वाहत होती. त्यांत अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर होते. नुकतीच ८२ वर्षं पूर्ण झालेली, पण हातात थापी. पत्नी रोझलिन सोबत. ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या संस्थेतर्फे शंभर गरजू कुटुंबांची घरं उभी करायची होती. वर्तमानपत्रांत फोटो आले ते मुख्यतः ब्रॅड पिटचे, कारण तोही आला होता. त्या घरांमागे कर्जाचा एक फार वेगळा विचार होता, त्याबद्दल तेव्हा फारसं कुणी लिहिलं नाही. आज मी त्या विचाराबद्दल बोलणार आहे.

श्रद्धेपोटी प्रवास करून परक्या गावात घरं बांधायला जाणं ही गोष्ट आज जगभर चालते. चर्चचे गट जातात, गुरुद्वारांचे जातात, आपल्याकडचे संप्रदायही जातात. मी स्थापत्य अभियंता. अशाच एका गटातून मीही विद्यार्थिदशेत गेलो होतो. त्याचं पुढे सांगेन. आधी ही कल्पना जिथे रुजली, तिथे जाऊ.

अमेरिकेच्या दक्षिणेत, जॉर्जिया राज्यात अमेरिकस नावाचं छोटं शहर आहे. त्याच्याजवळ १९४२ साली क्लॅरेन्स जॉर्डन यांनी ४४० एकरांवर एक शेती सुरू केली. जॉर्डन हे शेतीशास्त्राचे पदवीधर आणि बायबलच्या ग्रीक भाषेतल्या नव्या कराराचे अभ्यासक. बायबल आणि माती या दोन्ही गोष्टी त्यांना येत होत्या. शेतीचं नाव ठेवलं ‘कोइनोनिया’. हा ग्रीक शब्द आहे, अर्थ साधारण ‘सामाईक जगणं’. तिथे गोरे आणि काळे एकत्र राबायचे, सारखी मजुरी घ्यायचे आणि एका टेबलावर जेवायचे. शेवटची गोष्ट गावाला सर्वांत जास्त झोंबली. आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. एका पंगतीला कोण बसतं यावर आपल्या गावांतही किती रक्त सांडलंय.

१९५०मध्ये स्थानिक चर्चने जॉर्डन मंडळींना काढून टाकलं. १९५६पासून बहिष्कार सुरू झाला. बियाणं कुणी देईना, खत देईना, इंधन देईना, विमा उतरवेना. रस्त्यालगतच्या त्यांच्या विक्रीच्या टपरीवर बॉम्ब पडला. रात्री घरांवर गोळ्या झाडल्या जायच्या. गावात माल विकता येत नाही म्हटल्यावर या लोकांनी पिकॅन नावाचा अक्रोडासारखा मेवा टपालाने देशभर विकायला सुरुवात केली आणि त्यावर तग धरला. तरीही साठीच्या दशकात माणसं गळत गेली. मोजकी कुटुंबं उरली. शेती विकून टाकावी की काय, इथवर गोष्ट आली.

त्या वेळी मिलर्ड फुलर त्यांच्याकडे आले. अलाबामाचे वकील. व्यापारात २९व्या वर्षी कोट्यधीश झालेले. १९६५मध्ये त्यांची पत्नी लिंडा घर सोडून न्यूयॉर्कला निघून गेली. फुलर तिच्या मागे गेले, दोघं बोलले, आणि सगळी संपत्ती देऊन टाकायची असं ठरवलं. पुढे एका मित्राला भेटायला म्हणून कोइनोनियात तासा-दोन तासांसाठी उतरले आणि महिनाभर राहिले. मला या गोष्टीत संपत्तीच्या त्यागापेक्षा तो महिना मोठा वाटतो. त्यागाने माणूस फार लवकर प्रसन्न होतो. ते शेतावर थांबले आणि जॉर्डनचं ऐकून घेतलं, म्हणून पुढचं सगळं घडलं.

१९६८मध्ये फुलर परत आले आणि दोघांनी बसून एक योजना मांडली. आजूबाजूला काळे शेतमजूर खोपटांत राहत होते, ना नळ, ना शौचालय. बँक त्यांना कर्ज देत नव्हती. जॉर्डन यांनी त्या वेळी मित्रांना पत्र लिहिलं. त्याचा आशय असा : गरिबांना दान नको, भांडवल हवं. त्यांच्यावर देखरेख ठेवणारे नकोत, सोबत काम करणारे हवेत. आणि श्रीमंतांना हवी आहे आपल्या जादा संपत्तीतून मोकळं होण्याची एक न्याय्य, सन्मानाची वाट.

ही वाट नेमकी काय होती? शेताचा एक भाग काढून त्यावर ४२ भूखंड पाडले. देणग्या आणि बिनव्याजी उसनवारी यांतून एक निधी उभा केला. घर बांधायचं, त्यावर नफा घ्यायचा नाही. कुटुंबाने किंमत २० वर्षांत हप्त्याहप्त्याने फेडायची, पण व्याज शून्य. आलेला हप्ता पुन्हा निधीत, त्यातून शेजारचं घर. शिवाय कुटुंबाने स्वतःच्या आणि शेजाऱ्यांच्या घरावर अंगमेहनत करायची. आधार म्हणून बायबलमधली अगदी जुनी आज्ञा होती. निर्गम पुस्तकाच्या २२व्या अध्यायात आहे : माझ्या लोकांतल्या गरिबाला पैसे उसने दिलेस तर त्याच्याशी सावकारासारखा वागू नकोस, त्याच्याकडून व्याज घेऊ नकोस.

व्याज म्हणजे काय, हे पुणे-नगरकडच्या माणसाला शिकवावं लागत नाही. १८७५च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, तिथून दख्खनचे दंगे पेटले. मुद्दल फिटली तरी व्याज फिटत नव्हतं, हे त्यामागचं दुखणं होतं. अभियंता म्हणून हिशेब सांगतो. २० वर्षांचं गृहकर्ज ९ टक्क्यांनी घेतलं, तर मुद्दलापेक्षा जास्त रक्कम नुसत्या व्याजात जाते. म्हणजे बिनव्याजी कर्ज मिळालेल्या माणसाला घर निम्म्याहून कमी पैशांत पडतं. एवढी स्वस्त वीट अजून कुठल्या अभियंत्याला शोधता आलेली नाही.

पहिलं घर एका काळ्या शेतमजूर कुटुंबाचं. ते पूर्ण होण्याआधीच, २९ ऑक्टोबर १९६९ला जॉर्डन वारले. त्यांना साध्या लाकडी खोक्यात ठेवून शेतावरच पुरलं, नावाचा दगडही न लावता. त्या कुटुंबाने मात्र घराचे सगळे हप्ते फेडले.

१९७३मध्ये फुलर पती-पत्नी ही कल्पना आफ्रिकेत, त्या वेळच्या झाईरमधल्या म्बांडाका शहरात घेऊन गेले. तिथे गोऱ्यांची आणि काळ्यांची वस्ती वेगळी ठेवण्यासाठी मधे एक मोकळी पट्टी सोडलेली होती. तिचं नाव होतं बोकोटोला, म्हणजे ‘ज्याला दुसरी माणसं आवडत नाहीत तो’. घरं त्या पट्टीवर बांधली. परत आल्यावर १९७६मध्ये ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ ही संस्था अमेरिकसमध्ये सुरू झाली. भारतात ती १९८३मध्ये आजच्या तेलंगणातल्या खम्मम इथे आली. ख्रिस्ती श्रद्धेतून निघालेली असूनही घर देताना धर्म विचारायचा नाही आणि घराच्या बदल्यात धर्म द्यायचा नाही, हा दंडक तिने ठेवला. पुढे संस्था फार मोठी झाली, देशोदेशी कर्जाच्या पद्धती बदलल्या, खुद्द फुलर यांना २००५मध्ये ती सोडावी लागली. त्या तपशिलात मी आज जात नाही.

कार्टर यांचं गाव प्लेन्स. अमेरिकसपासून जवळच. अध्यक्षपद गेल्यावर ते गावी परतले, चर्चमध्ये रविवारचा वर्ग घ्यायचे आणि सुतारकाम करायचे. १९८४मध्ये हॅबिटॅटच्या गटासोबत बसने न्यूयॉर्कला गेले आणि १९ कुटुंबांसाठी एक पडकी सहामजली इमारत दुरुस्त करायला हात लावला. त्यानंतर जवळजवळ दरवर्षी एक आठवडा ते कुठे ना कुठे बांधकामावर असत. २०२४च्या डिसेंबरमध्ये शंभराव्या वर्षी ते गेले.

आणखी एक धागा आपल्याला माहीत असायला हवा. त्यांच्या आई, लिलियन कार्टर, १९६६मध्ये वयाच्या ६८व्या वर्षी ‘पीस कॉर्प्स’ या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक दलाच्या परिचारिका म्हणून आपल्या विक्रोळीत येऊन राहिल्या होत्या. सुमारे दोन वर्षं. त्यांनी कुष्ठरुग्णांची शुश्रूषा केली. त्या काळी शिकले-सवरलेलेही कुष्ठरोग्याच्या सावलीपासून दूर पळायचे. मुलगा मळवलीत एक आठवडा आला, आई दोन वर्षं राहिली. दोन्ही मला आदरणीय वाटतं, पण दोन्हींतला फरक विसरू नये.

आता माझं सांगतो. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीची रात्र उलटून पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादकडची घरं दगड-मातीच्या जाड भिंतींची आणि वर माळवद. माळवद गळू नये म्हणून दरवर्षी वर माती टाकायची. वर्षानुवर्षं तो थर वाढत गेलेला. उन्हाळ्यात घर थंड ठेवणारी तीच माती त्या पहाटे झोपलेल्या माणसांवर आली. हजारो माणसं गेली. पुढे महाराष्ट्रातून, देशातून माणसं धावली. एका धार्मिक संस्थेच्या गटातून मीही गेलो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. नव्या जागी नवं गाव बसवायचं होतं. सरळ रेषेतले रस्ते, एकसारखी घरं. आम्ही घमेली वाहिली, विटा भिजवल्या, पाणी मारलं. कष्ट प्रामाणिक होते, त्याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही.

एका घराच्या चौकटी बसत होत्या. ज्यांचं ते घर होणार होतं त्या आजी पत्र्याच्या शेडमधून रोज यायच्या, बाजूला बसून बघायच्या. एके दिवशी मला म्हणाल्या, “लेकरा, दार दक्षिणेला काढलंय. मला कुणी इचारलं बी नाही.” मी नकाशा दाखवला. सगळ्या ओळीची दारं तिकडेच होती. “कडबा कुठं ठिवायचा? म्हैस कुठं बांधायची?” मला उत्तर देता आलं नाही. मी जाऊन आमच्या प्रमुखांना सांगितलं. ते म्हणाले, नकाशा मंजूर झालाय, पावसाच्या आत काम संपवायचंय. ते वाईट नव्हते, घाईत होते. आम्ही त्या बाईला घर देत होतो, त्यामुळे विचारायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. ती हप्ता भरणारी असती, तिच्या नावावर कर्ज असतं, तर तिने चौकट बसू दिली नसती. माझं आजचं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे.

त्याच भूकंपात दुसरीकडे, जी घरं पडली नव्हती पण तडकली होती, अशा पुष्कळ घरांची दुरुस्ती लोकांनी स्वतः करून घेतली. सरकारने पैसे आणि तांत्रिक सल्ला दिला, गवंडी त्यांनी निवडला, दार त्यांनी ठरवलं. माझ्या मते तेच काम जास्त टिकाऊ झालं.

मग बाहेरून जाणाऱ्यांनी जावं की नाही? होंडुरासचं उदाहरण कठोर आहे, पण सांगायला हवं. १९९८मध्ये तिथे मिच चक्रीवादळाने हाहाकार केला. अमेरिकेतल्या चर्चचे अनेक गट घरं बांधायला गेले. तिथे राहणारे समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांनी नंतर त्या घरांचा अभ्यास केला. स्थानिक संस्था एक घर सुमारे २००० डॉलरमध्ये बांधत होती. परदेशी गटाचा एका घरामागचा खर्च, प्रवास धरून, सुमारे ३०,००० डॉलर होता. गटाने बांधलेल्या घरात राहणाऱ्यांच्या आयुष्यात वेगळा काही फरक दिसला नाही, आणि जाऊन आलेल्यांच्या पुढच्या देणग्यांतही फारशी वाढ नव्हती.

तरीही मी ‘जाऊ नका’ म्हणणार नाही. कोइनोनियात तासाभरासाठी उतरलेला माणूस थांबला नसता, तर हे काहीच झालं नसतं. पण इथल्या तरुण मुलामुलींपैकी कुणी अशा गटातून जात असेल, तर आधी जाणाऱ्यांच्या यादीत आपलं नाव शोधू नका, घराच्या कागदावर कुणाचं नाव आहे ते विचारा. बाईचं आहे का? हप्ता किती, व्याज किती, आणि आलेला पैसा पुढे कुठे जातो? गवंडी गावातलाच आहे ना, की तुम्ही आल्यामुळे त्याची मजुरी बुडतेय? घरमालक तुमच्यासोबत घमेलं उचलतोय का? यांची उत्तरं चांगली असतील तर खुशाल जा, आणि गवंडी सांगेल तेवढंच करा. पाणी मारा म्हणाला तर आठवडाभर पाणी मारा. क्युरिंग नीट झालं नाही तर चांगल्यातलं चांगलं सिमेंटही भुसभुशीत राहतं. त्या कामाचा फोटो चांगला येत नाही, म्हणून ते कुणाला नको असतं.

मागच्या वर्षी मी त्या गावी पुन्हा गेलो. आजी केव्हाच गेल्या. घर उभं आहे, भिंतींना तडा नाही, याचं मला समाधान वाटलं. दक्षिणेचं दार मात्र विटांनी बुजवलेलं होतं, गिलाव्यातून चौकटीची रेघ अजून दिसते. नवं दार पूर्वेला फोडलंय. पुढे पत्रा टाकून गोठा केलाय. त्यांच्या मुलाने सांगितलं, दोन सुगीचे पैसे साठवून, गावातलाच गवंडी लावून आईच्या हयातीतच हे करून घेतलं. आणि काम चालू असताना आई रोज समोर बसून होती.